दोष दर वेळी पिशवीचाच? गर्भाशयावरचं संशोधन काय म्हणतं

रानजाई

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून तो पिशवीत सोडतात त्या उपचारात, हे सोडणं म्हणजेच ट्रान्सफर फसलं की खापर फुटतं ते पिशवीवर. "अस्तर धरत नाही", "पिशवी कमजोर आहे", "पिशवीला सूज आहे" आणि सगळ्यांचं लाडकं "पिशवी उलटी आहे". मग तपासण्यांची नवी यादी हातात पडते. या विभागात त्याच त्या शंकांचे धागे दर आठवड्याला निघतात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहू: गर्भाशय आणि गर्भधारणा यांबद्दल काय पक्कं कळलंय, काय चाचणीत आपटलंय आणि काय अजून प्रयोगशाळेच्या बाहेर आलेलं नाही. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय शोधनिबंध वाचून त्यांचे गोषवारे लिहिणं हे माझं रोजचं काम.

उलट्या पिशवीचं आधी उरकते. दर चार-पाच जणींमागे एकीची पिशवी मागे कललेली असते आणि तेवढ्यानं दिवस राहायला अडचण येत नाही. एंडोमेट्रिओसिसमुळे (अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) ती मागे चिकटून बसली असेल तर अडचण त्या आजाराची. कलण्याची नव्हे.

आता अस्तर. त्याचे दोन थर. खालचा स्नायूला धरून राहतो, वरचा दर पाळीला गळतो आणि खालच्यातून पुन्हा तयार होतो. पाळीनंतर इस्ट्रोजेन त्याला जाड करतं, बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन त्याची वाढ थांबवून गर्भ रुजवून घेण्याजोगं करतं. ही तयारी काही दिवसच टिकते.

नेमकी कधी? अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी हे फार चिकाटीनं शोधलं. दिवस राहण्याच्या प्रयत्नात असलेल्या बायकांची लघवी त्यांनी रोज गोळा केली आणि तिच्यात एचसीजी, म्हणजे गर्भ रुजू लागला की येणारं संप्रेरक, पहिल्यांदा कधी दिसतं ते पाहिलं. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. सहा आठवड्यांपुढे टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गेले. दहाव्या दिवशी रुजलेल्यांपैकी २६ टक्के, अकराव्या दिवशीच्यांपैकी ५२ आणि त्यानंतरच्यांपैकी तब्बल ८२ टक्के. आता उशिरा रुजणारा गर्भच मुळात अशक्त, की तोवर अस्तराची वेळ टळलेली? या आकड्यांतून ते कळत नाही. गेल्या पंचवीस वर्षांतलं बरंचसं भांडण याच प्रश्नावरचं आहे.

मला स्वतःला सगळ्यात रोचक वाटतो तो भाग पुढचा. उंदराच्या मादीत गर्भ भिंतीला टेकला की मग अस्तर बदलायला लागतं. माणसात ते गर्भाची वाट पाहत नाही. दर महिन्याला, गर्भ असो वा नसो, अस्तरातल्या पेशी गोल आणि फुगीर होतात, वेगळी प्रथिनं सोडू लागतात. अशा बदललेल्या अस्तराला डेसिड्युआ म्हणतात. एकदा हा बदल झाला की पेशींना मागे फिरता येत नाही. प्रोजेस्टेरॉन उतरलं की अख्खा थर गळतो, आणि तीच पाळी. गर्भाची वाट न पाहता असं बदलणारं अस्तर फार थोड्यांत असतं, त्यामुळे पाळी येणारे प्राणी अगदी मोजके आहेत: माणूस, वानरं, काही माकडं, काही जातींची वटवाघळं, एलिफंट श्रू नावाचा लांब सोंडेचा छोटा प्राणी. २०१७ मध्ये काटेरी उंदराची एक जात या यादीत आली.

एवढा खटाटोप शरीर का करतं? ब्रिटनमधले यान ब्रोसेन्स आणि त्यांच्या गटाचं म्हणणं असं, की माणसाच्या भ्रूणांमध्ये गुणसूत्रांचे दोष फार सापडतात, म्हणून आईच्या शरीराला आधीच तयारीत राहून निवड करावी लागते. प्रयोगशाळेत या पेशींजवळ निकृष्ट भ्रूण ठेवला की त्या वेगळं वागतात. २०१२ साली नेदरलँड्समध्ये झालेला एक प्रयोग तर फारच बोलका आहे. ज्यांना गर्भधारणेत काही अडचण नव्हती अशा स्त्रियांच्या अस्तरातल्या पेशी चांगल्या भ्रूणाकडे सरकत होत्या, निकृष्ट भ्रूणाकडे फारशा जात नव्हत्या. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या पेशी मात्र दोन्हींकडे सारख्याच धावत होत्या.

म्हणजे काही जणींच्या बाबतीत पिशवी "धरत नाही" ही तक्रार नेमकी उलटी आहे. ती येईल त्याला आत घेते, आणि नको तो गर्भ काही आठवडे वाढून पडतो. बी आणि जमीन ही उपमा आपण सगळे सर्रास वापरतो, पण जमीन बी निवडत नाही. इथे निवड होते.

आता खापराबद्दल. २०२१ मध्ये चार हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास आला. गर्भाशयाची रचना नॉर्मल, भ्रूणाची गुणसूत्रं तपासून ठीक असल्याची खात्री केलेली, दर खेपेला एकच भ्रूण सोडायचा. तीन ट्रान्सफरपर्यंतचा हिशेब धरला तर ९५ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांमध्ये गर्भ रुजून टिकला. निरोगी भ्रूण वारंवार नाकारणारी पिशवी असतेच, पण ती पाच टक्क्यांच्या आसपास. दवाखान्यांत ऐकू येतं त्यापेक्षा हे प्रमाण फार कमी आहे.

वयाबद्दलही तेच. १९९० मध्ये सॉअर, पॉलसन आणि लोबो या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं की चाळिशी ओलांडलेल्या, बीजकोशांचं काम थांबलेल्या स्त्रियांमध्येही तरुण दात्रीच्या बीजापासूनचा गर्भ नीट रुजतो. घड्याळ मुख्यतः बीजात आहे. पिशवी बराच काळ साथ देते.

बाकी प्रतिसादांत लिहिते. लांबलं.

कोरा कागद

वटवाघळांना पाळी येते हे आज कळलं. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्यांना तरी सुट्टी असेल." पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चौकस

लेख उत्तम, पण ९५ टक्क्यांवर माझा आक्षेप. पहिलं ट्रान्सफर फसल्यावर ज्या बायका दमून थांबल्या त्यांचं काय केलं? असे एकत्रित आकडे काढताना सोडून गेलेल्यांनाही तेवढंच यश मिळालं असतं असं धरतात. प्रत्यक्षात सोडून जाणाऱ्यांमध्ये अवघड केसेस जास्त असू शकतात. शिवाय तपासून चांगले निघालेले भ्रूण ज्यांच्याकडे आहेत त्याच या अभ्यासात. ज्यांचा एकही भ्रूण तिथवर पोचला नाही त्या हिशेबातच नाहीत.

रानजाई

चौकस, आक्षेप रास्त आहे आणि तज्ज्ञांनीही तो घेतलाय. आकडा थोडा खाली येईल. पण प्रश्न "आयव्हीएफ किती यशस्वी" हा नव्हता. भ्रूण चांगला असेल तर पिशवी किती वेळा नाही म्हणते, हा होता. त्यासाठी अशाच बायका निवडाव्या लागतात. आणि एक अट विसरू नका: रचना नॉर्मल. ज्यांच्या पिशवीत गाठ, पडदा किंवा चिकटलेपण आहे त्यांच्याबद्दल हा अभ्यास काही बोलत नाही.

गवतफूल

मी त्यातलीच. पहिला गर्भ थांबल्यावर पिशवी साफ केली. त्यानंतर पाळी यायची ती नावाला, डाग पडल्यासारखी, आणि पोट मात्र दर महिन्याला त्याच तारखांना दुखायचं. जिथे उपचार चालू होते तिथे "हार्मोनचं असेल" म्हणून गोळ्या देत राहिले. सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसायचं, मग इस्ट्रोजेन वाढवायचं, परत पातळ. शेवटी दुसरीकडे दुर्बिणीतून पाहिलं. मॉनिटर माझ्याकडे वळवून दाखवला त्यांनी. समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये पांढरे दोर ताणल्यासारखे, एका कोपऱ्यात तर जागाच उरली नव्हती. डॉक्टर कात्रीनं एकेक दोर कापत होत्या आणि पोकळी उघडत जाताना दिसत होती. कमी रक्तस्राव हीच मोठी खूण होती, आणि कुणीही तिच्याकडे पाहिलं नव्हतं याचा राग अजून जात नाही.

स्टेथो

गवतफूल, तुमचा अनुभव पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. पिशवी साफ केल्यानंतर पाळी एकदम कमी झाली किंवा बंद झाली, आणि पोट मात्र ठरलेल्या तारखांना दुखतं, तर आधी चिकटलेपणाचा विचार करायचा. याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात. १८९४ साली फ्रिट्श या जर्मन डॉक्टरनं पहिली केस लिहिली, १९४८ मध्ये जोसेफ ॲशरमननं सविस्तर वर्णन केलं, म्हणून नाव त्याचं. रानजाईंनी वर लिहिलेला खालचा थर खरवडला गेला की वरचा यायला आधारच उरत नाही, आणि दोन उघड्या जखमा एकमेकींना चिकटतात. अशा वेळी इस्ट्रोजेनचा डोस कितीही वाढवला तरी अस्तर कुठून येणार?

म्हणून थांबलेल्या गर्भासाठी हल्ली शक्यतो गोळ्या, नाहीतर व्हॅक्यूम. धारदार क्युरेटनं खरवडणं टाळायचं. दुसरं कारण टीबी. गर्भाशयाचा टीबी वर्षानुवर्षं काही लक्षण न दाखवता अस्तर आणि बीजवाहक नळ्या दोन्ही खराब करू शकतो. टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशांत हे डोक्यात ठेवावंच लागतं.

आता धाग्याच्या मूळ विषयावर, कारण "पिशवीचा दोष नसतो" असा अर्थ कुणी काढायला नको. काही गोष्टी शोधून काढण्यासारख्या असतातच. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीच्या स्नायूतली गाठ, किती मोठा यापेक्षा कुठे आहे ते महत्त्वाचं. पोकळीत डोकावणारा छोटासा फायब्रॉइडही गर्भाला अडचण करतो. बाहेरच्या बाजूला वाढलेला मोठा फायब्रॉइड बहुधा काही करत नाही. भिंतीच्या आतल्यांवर आम्हा डॉक्टरांमध्येच एकमत नाही. पॉलिपचं, म्हणजे अस्तरातून वाढलेल्या मोडाचं, बरं आहे: २००५ मधल्या एका स्पॅनिश चाचणीत आययूआयच्या (शुक्राणू नळीनं थेट पिशवीत सोडण्याच्या) आधी पॉलिप काढलेल्यांपैकी ६३ टक्के स्त्रियांना दिवस राहिले, न काढलेल्यांपैकी २८ टक्के. नळीत पाणी भरलं असेल तर ते पिशवीत झिरपतं आणि आयव्हीएफचं यश निम्म्यावर आणू शकतं. अशी नळी आधी काढायची किंवा बांधायची. इथे खापर पिशवीवर फुटतं आणि चोर नळीत असतो.

मात्र प्रत्येकीची दुर्बिणीतून तपासणी करायची गरज नाही. २०१६ मध्ये यावर दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, ट्रॉफी आणि इनसाइट. सोनोग्राफी नॉर्मल असेल तर आयव्हीएफपूर्वी दुर्बीण घालून फायदा शून्य. ट्रॉफीत दोन्ही गटांत मूल जन्माला येण्याचं प्रमाण २९ टक्के.

मीनल७

डॉक्टर, पिशवीत पडदा असेल तर? मला कापायचा सल्ला मिळालाय आणि तारीखही घ्यायला सांगितलीय.

स्टेथो

मीनल, तुमचे रिपोर्ट न पाहता हो किंवा नाही म्हणणार नाही. वर्षानुवर्षं पडदा दिसला की कापायचा अशीच पद्धत होती. मग २०२१ मध्ये ट्रस्ट नावाची चाचणी आली: ८० स्त्रिया, निम्म्यांचा पडदा कापला, निम्म्यांचा तसाच ठेवला. कापलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना मूल झालं, न कापलेल्यांपैकी ३५. चाचणी लहान आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण "कापलाच पाहिजे" असं ठासून सांगण्याचे दिवस गेले. तुमच्या डॉक्टरांना ही चाचणी माहीत आहे का ते विचारा. तुमच्या इतिहासात वारंवार गर्भपात आहेत की नाही, यावर त्यांचं उत्तर बदलू शकतं, आणि का बदलतं हेही विचारा.

मुग्धा

रानजाई, लेख वाचून थोडी वैतागले. माझी ईआरए, म्हणजे अस्तर गर्भासाठी कधी तयार होतं ते पाहणारी चाचणी झाली होती. त्यात अस्तर "अजून तयार नाही" असं आलं, प्रोजेस्टेरॉन एक दिवस जास्त दिलं आणि मग राहिलं. त्याआधी नुसते नकार. तुम्ही म्हणता पिशवीचा दोष क्वचित. मग माझं काय होतं?

रानजाई

मुग्धा, आधी अभिनंदन, मनापासून.

ईआरएची कल्पना खरंच हुशार आहे. २०११ मध्ये स्पेनमधल्या गटानं अस्तराचा तुकडा घेऊन २३८ जनुकं चालू आहेत की बंद ते मोजायला सुरुवात केली आणि त्यावरून अस्तराची वेळ ठरवली. त्याआधी १९५० पासून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून दिवस ठरवायचे, आणि तो प्रकार बऱ्यापैकी नजरेच्या अंदाजावर चालायचा. पण कल्पना चांगली असणं आणि तिनं मुलं जास्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी. २०२२ मध्ये अमेरिकेत ७६७ जणींवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटप करून चाचणी झाली. सगळ्यांची ईआरए केली. एका गटाचं ट्रान्सफर तिच्या निकालाप्रमाणे, दुसऱ्याचं नेहमीच्या वेळेला. मूल झालं ते पहिल्या गटात ५८.५ टक्के, दुसऱ्यात ६१.९. म्हणजे चाचणीनं सांगितलेली वेळ न पाळणाऱ्या गटाचंही काही बिघडलं नाही.

तुमच्या बाबतीत काय झालं ते कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. पुढचा भ्रूण चांगला होता एवढंच कारणही असू शकतं.

मुग्धा

आकडे तुमच्याकडे, मूल माझ्याकडे. :) असो. पण माझ्या बहिणीलाही हीच चाचणी सांगितलीय, तिला हा धागा पाठवते. निदान प्रश्न तरी विचारेल.

तात्या

चाललंय ते ठीक, पण एवढ्या मजकुरात पुरुषाचं नाव एकदाही नाही! आमच्या वेळी तर नवऱ्याची तपासणी म्हणजे अपमान. आता तरी बदललंय की नाही?

रानजाई

तात्या, विषय गर्भाशयाचा असल्यानं नाव आलं नाही, पण टोला बरोबर बसला. जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, तिला ना भूल लागते ना टाका. ती व्हायच्या आधी बाईला दुर्बिणीच्या टेबलावर झोपवणं याला काय म्हणावं!

उनाड पाखरू

एक बाळबोध प्रश्न. संबंधानंतर पाय वर करून झोपायचं, उशी घ्यायची, लगेच उठायचं नाही. हे खरं की सांगोवांगी?

रानजाई

सांगोवांगी. आणि याचं कारण फार सुंदर आहे.

गर्भाशय ही निपचित पडलेली पिशवी नाही. अस्तराला लागून असलेल्या स्नायूत सतत बारीक लाटा चालू असतात. पाळीत त्या खाली ढकलतात, बीज सुटायची वेळ जवळ आली की खालून वर, गर्भाशयाच्या मुखाकडून नळ्यांकडे. १९९६ मध्ये जर्मनीतल्या कुंझ, लायेंडेकर यांच्या गटानं शुक्राणूच्या आकाराचे, किरणोत्सर्गी खूण केलेले निर्जीव कण योनीच्या आत वरच्या बाजूला ठेवले आणि कॅमेऱ्यानं त्यांचा प्रवास पाहिला. कण स्वतः पोहू शकत नाहीत, तरी काही मिनिटांत ते गर्भाशयातून नळीपर्यंत पोचले. त्यातही ज्या बाजूच्या बीजकोशात त्या महिन्याचं बीज वाढत होतं, त्याच बाजूच्या नळीकडे जास्त गेले. डावीकडे की उजवीकडे याची खबर गर्भाशयाला असते. तिथं उशीचं काय काम? तसंच ट्रान्सफरनंतर अंथरुणाला खिळून राहायचं. अभ्यासांत त्याचा फायदा दिसलेला नाही.

उनाड पाखरू

उशी परत कपाटात. धन्यवाद!

कोरा कागद

मेलेले कण आणि तरी बरोब्बर त्या बाजूला!! निसर्गापुढे हात टेकले.

सायली_प

माझ्या ओळखीत एकीला रक्तातल्या "किलर सेल" वाढल्यात असं सांगून सलाइनमधून काहीतरी देतात. नाव ऐकूनच ती घाबरलीय, स्वतःचंच शरीर बाळाला मारतंय म्हणून रडते.

रानजाई

सायली, तिला हे आधी सांगा: गर्भाशयातल्या या पेशी गर्भाला मारत नाहीत. नॅचरल किलर हे नाव त्यांना रक्तातल्या भावंडांवरून चिकटलं, कारण रक्तातल्या पेशी कर्कपेशी मारताना दिसल्या होत्या. गर्भाशयात त्या बीज सुटल्यानंतर वाढतात, आणि गर्भारपणाच्या सुरुवातीला तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. आईच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करून वारेला पुरेसं रक्त मिळवून देण्यात त्यांचा हात असतो. म्हणजे त्या असायलाच हव्यात.

रक्तातल्या पेशी मोजून गर्भाशयातल्यांचा अंदाज येत नाही. केंब्रिजच्या ॲशली मॉफेट हे २००४ पासून लिहितायत. त्यावर आधारलेल्या सलाइन आणि स्टेरॉइडच्या उपचारांना भक्कम पुरावा नाही, आणि स्टेरॉइड म्हटल्यावर दुष्परिणाम आलेच. हे "काहीतरी" नेमकं काय आहे ते तिनं लेखी मागावं.

चौकस

म्हणजे थोडक्यात, विकलं जाणारं काहीच काम करत नाही?

रानजाई

करतं की. पॉलिप आणि पाणी भरलेल्या नळीचं स्टेथोंनी लिहिलंच आहे. आणखी एक चांगलं उदाहरण प्रोजेस्टेरॉनचं. २०१९ मधल्या प्रिझम चाचणीत ब्रिटनमधल्या ४१५३ गर्भवती होत्या, सगळ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेला. एकूण फरक किरकोळ निघाला: ७५ विरुद्ध ७२ टक्के, तोही योगायोगानं येऊ शकेल इतकाच. पण आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांचा गट वेगळा काढला तर प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना मूल झालं, न घेतलेल्यांपैकी ५७. पंधरा टक्के म्हणजे खूप. मात्र सरसकट सगळ्या गर्भवतींना "सपोर्ट" म्हणून देण्याचं समर्थन यातून होत नाही. रक्तस्राव आणि आधीचे गर्भपात, दोन्ही असतील तर द्या, असा त्याचा अर्थ.

याउलट अस्तर ओरखडण्याचा प्रकार. २००३ मध्ये इस्रायलमधून बातमी आली की आयव्हीएफच्या आधीच्या महिन्यात अस्तराला बारीक जखमा केल्या की यश जवळपास दुप्पट होतं. जगभर सुरू झालं, दुखायचं, पैसे पडायचे. २०१९ मध्ये १३६४ स्त्रियांची मोठी चाचणी झाली. ओरखडलेल्यांमध्ये मूल होण्याचं प्रमाण २६.१ टक्के. न ओरखडलेल्यांमध्ये? २६.१. दशांशासकट तोच आकडा! सोळा वर्षं गेली यात.

सायली_प

आणि "पिशवीला सूज"? ती तर दर दुसऱ्या बाईला असते म्हणे.

स्टेथो

हा शब्द आम्हीच वापरून वापरून पार गुळगुळीत केलाय. पांढरं जातंय, कंबर दुखते, सोनोग्राफीत पिशवी जराशी मोठी दिसली, सगळ्याला "सूज". अस्तराची खरी जुनाट सूज बहुधा काही त्रास देत नाही आणि सोनोग्राफीवरून ठरत नाही. अस्तराचा तुकडा घेऊन त्याला सीडी१३८ नावाच्या खुणेसाठी रंग देतात आणि प्लाझ्मा पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजतात. किती दिसल्या म्हणजे आजार, यावर प्रयोगशाळांचं एकमत नाही. एक गट एका पेशीवरही आजार म्हणतो, दुसरा पाचाची अट घालतो. सापडली तर ॲन्टिबायोटिकनं बहुतेकींची जाते. गेल्यानं मुलं जास्त होतात का, यावर अजून ठाम सांगण्याजोगा पुरावा नाही.

आणि पिशवी मोठी दिसते त्यामागे अनेकदा ॲडेनोमायोसिस असतो. अस्तर स्नायूत घुसलेलं असतं, पाळी जड आणि फार दुखरी. पूर्वी पिशवी काढून पॅथॉलॉजीकडे पाठवल्यावरच कळायचा, म्हणून तो चाळिशीनंतरचा आजार वाटायचा. आता आतून केलेल्या सोनोग्राफीत आणि एमआरआयवर तिशीतल्या बायकांतही दिसतो. यात गर्भ रुजण्याचं प्रमाण घटतं आणि गर्भपाताचं वाढतं, हे बऱ्याच अभ्यासांत आलंय.

मीनल७

आणि पिशवीतल्या जंतूंची तपासणी? लॅक्टोबॅसिलस कमी म्हणून कॅप्सूल लिहून दिल्यात.

रानजाई

गर्भाशय निर्जंतुक असतं असंच पूर्वी मानत. २०१६ मध्ये स्पेनमधल्या एका लहान अभ्यासात लॅक्टोबॅसिलसचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असलेल्यांचं आयव्हीएफ जास्त यशस्वी झालं, तिथून ही लाट सुरू झाली. अडचण अशी की गर्भाशयात जंतू असतात ते मूठभर. नमुना घ्यायची नळी योनीतून आणि गर्भाशयाच्या मुखातून जाते, जिथे ते बेसुमार असतात. मग सापडलेले जंतू नेमके कुठले? पुढे यातून काही निघेलही. आज त्यावर उपचार ठरवणं मला घाई वाटते. कॅप्सूलनं नुकसान बहुधा होणार नाही, पण त्यासाठी ट्रान्सफर पुढे ढकलत असतील तर जरूर विचारा.

गवतफूल

अस्तर किती मिलिमीटर हवं यावर कुणीतरी लिहा. मी त्या आकड्याच्या मागे लागून रात्र रात्र जागले आहे.

स्टेथो

सात मिलिमीटर हा आकडा सगळे धरून बसतात. त्याखाली यशाचं प्रमाण घटतं हे खरं, पण शून्य होत नाही. त्याहून पातळ अस्तरातही गर्भारपणं झाली आहेत. आणि मोजमाप करणाऱ्याच्या हातानुसार अर्धा-एक मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतो, तेव्हा ६.८ आलं म्हणून रडू नका. बारापंधरा मिलिमीटर झालं म्हणून यश वाढतच जातं असंही नाही. अस्तर वाढवायचे म्हणून जे बाकीचे उपाय सांगतात, त्यांपैकी बहुतेकांचा पुरावा तोकडा आहे. इस्ट्रोजेन थोडे दिवस जास्त देऊन पाहणं आणि मुख्य म्हणजे पातळ का आहे ते शोधणं, हे आधी. तुमच्या बाबतीत तेच राहून गेलं होतं.

चौकस

शेवटचा प्रश्न. "पिशवी बराच काळ साथ देते" म्हणजे किती काळ? पाळी गेल्यावरही?

रानजाई

दात्रीच्या बीजांच्या नोंदी पाहिल्या तर पंचेचाळिशीपर्यंत फारसा फरक दिसत नाही, पुढे थोडी घट दिसते. गर्भारपणातले धोके मात्र वयाबरोबर वाढतात: रक्तदाब, मधुमेह. म्हणून "पिशवी चालते" याचा अर्थ "कितीही उशीर चालेल" असा कुणी घेऊ नये.

पण सगळ्यात ठळक उदाहरण स्वीडनचं. जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका स्त्रीला गोथेनबर्गला मॅट्स ब्रेनस्ट्रॉम यांच्या गटानं गर्भाशय बसवलं. दात्री होती ६१ वर्षांची कौटुंबिक मैत्रीण, दोन मुलांची आई, पाळी केव्हाच गेलेली. बसवल्यावर ४३ दिवसांनी त्या गर्भाशयातून पाळी आली आणि पुढे महिन्याच्या महिन्याला येत राहिली. वर्षभरानं एक भ्रूण सोडला, पहिल्याच खेपेला राहिला. एकतिसाव्या आठवड्यानंतर रक्तदाबाचा त्रास सुरू झाला म्हणून सिझेरियन केलं, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये १७७५ ग्रॅमचा मुलगा जन्मला.

कोरा कागद

६१!! आता हे आईला सांगत नाही, उगाच घरात चर्चा.

मुग्धा

ॲडेनोमायोसिसचा वेगळा धागा काढा ना कुणीतरी. मला तो आहे, आणि इथे एका परिच्छेदात उरकलात.

स्टेथो

काढतो. मुग्धा, तुमच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "जंक्शनल झोन" (अस्तराला लागून असलेला स्नायूचा थर) किती मिलिमीटर लिहिलाय ते तेवढं तिथे सांगा. रानजाई, ट्रान्सफरपूर्वी पाळी थांबवणारी इंजेक्शनं देण्यावरचे अभ्यास तुम्ही लिहा, त्यात आमच्याकडे मारामारी आहे.